‘शादी कर दो, ठीक हो जाएगा’ : एका जुन्या उपायाचा इतिहास

घरातला तरुण मुलगा गप्प राहायला लागला, रात्र रात्र जागायला लागला, कामावर जाईनासा झाला की आमच्या मोहल्ल्यात एक सल्ला हमखास मिळतो. ‘शादी कर दो, ठीक हो जाएगा.’ शेजारची हिंदू कुटुंबं हेच ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असं म्हणतात. भाषा वेगळी, उपाय एकच. मुलगी असेल तर हा सल्ला आणखी लवकर येतो. लग्नानंतर ती माहेरी येऊन रडली, तर पुढचा सल्लाही तयार असतो. एखादं मूल झालं की सगळं जागेवर येईल.

या सल्ल्यामागे एक समजूत आहे. लग्न माणसाला जगण्याशी बांधून ठेवतं, बायकापोरं असलेला माणूस स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेत नाही, अशी ती समजूत. ती सगळीच खोटी नाही. पण ती किती खरी आहे, कोणासाठी खरी आहे आणि कुठे उलटी फिरते, यावर जगभर सव्वाशे वर्षं अभ्यास चालू आहे. त्या इतिहासाची काही पानं आपल्या महाराष्ट्रात, आपल्या कोर्टांत लिहिली गेली आहेत. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात उर्दू आणि मराठी शिकवते. पण वर्गात बसलेली मुलं कोणत्या ना कोणत्या नवरा-बायकोच्या घरातून येतात. त्या घरात काही घडलं की पहिल्यांदा वही रिकामी राहते, मग मूल गैरहजर राहतं. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

तळटीपेत राहिलेल्या बायका

१८९७ साली एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं आत्महत्येवरचं पुस्तक आलं. सरकारी दप्तरातले हजारो मृत्यूंचे आकडे त्याने वय, लिंग, लग्न, मूलबाळ अशा खणांत मांडून पाहिले. त्याला दिसलं की लग्न झालेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण अविवाहितांपेक्षा कमी आहे. ‘शादी कर दो’ म्हणणाऱ्यांना इथपर्यंतचं ऐकायला आवडेल.

पण दुर्खीम तिथे थांबला नाही. लग्नाचं हे संरक्षण नवऱ्याला जास्त आणि बायकोला कमी मिळतं, हेही त्याला दिसलं. फ्रान्सच्या आकड्यांत तर मूलबाळ नसलेल्या विवाहित बायकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण त्याच वयाच्या अविवाहित बायकांपेक्षा जास्त होतं. जिथे घटस्फोटाची वाट मोकळी आहे, तिथे बायकांची स्थिती त्यामानाने बरी दिसते, असंही त्याने नोंदवलं.

याच पुस्तकात एक तळटीप आहे. माणसावर बंधनं इतकी आवळली जातात की पुढचा रस्ताच बंद दिसतो, अशा आत्महत्यांचा एक वेगळा प्रकार दुर्खीमने त्या तळटीपेत सांगितला. उदाहरणं दिली ती फार लहान वयात लग्न झालेल्या नवऱ्यांची आणि मूल नसलेल्या विवाहित स्त्रियांची. मग आजच्या काळात या प्रकाराला फारसं महत्त्व नाही असं म्हणून तो पुढे गेला. फ्रान्समध्ये बसून त्याला तसं वाटलं असेल. आपल्याकडे ‘अभी तक गोद सूनी है’ हे वाक्य ज्या बाईने प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक ईदला ऐकलं आहे, तिचं आयुष्य त्या तळटीपेतच आहे.

कोल्हापूरचं १९१९

दुर्खीमचं पुस्तक आलं, त्यानंतर बावीस वर्षांनी आपल्या कोल्हापूर संस्थानात दोन कायदे झाले. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभं करून आमच्या समाजाला शाळेची वाट दाखवणारे राजर्षी शाहू महाराज आम्हाला माहीत असतात. पण त्यांनीच १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास बंदी घालणारा कायदा आणि काडीमोडीचा कायदा केला, हे फारसं सांगितलं जात नाही. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बाईला छळणं हा घरचा मामला नाही, तो दरबाराने दखल घ्यावी असा गुन्हा आहे, हे एका संस्थानिकाने तेव्हा कागदावर आणलं. भारतीय दंड संहितेत सासरच्या छळाचं कलम ४९८ अ येण्यासाठी १९८३ साल उजाडावं लागलं. मध्ये चौसष्ट वर्षं गेली.

मुस्लिम बायकांसाठी अशीच एक वाट १९३९ साली उघडली. नवरा बेपत्ता आहे, खर्ची देत नाही, मारहाण करतो, तरी तलाक देत नाही. अशा बायकांना त्या वेळच्या हनफी रिवाजात सुटकेचा मार्ग जवळपास नव्हता. पंजाबात काही बायका केवळ निकाह तुटावा म्हणून धर्म सोडू लागल्या होत्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या मोठ्या आलिमांनी मालिकी मसलकाचा आधार घेऊन वाट काढली, आणि त्यातून मुस्लिम विवाह विच्छेद कायदा १९३९ तयार झाला. क्रूर वागणूक आणि दोन वर्षांपासून नवऱ्याला असलेलं वेड, ही दोन्ही कारणं त्या कायद्यात आहेत. हा कायदा बाहेरून लादला गेला असं सांगणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा.

या वाटांमुळे जीव वाचतात का? याचं उत्तर बऱ्याच उशिरा आणि दूरच्या देशातून आलं. अमेरिकेत १९७० नंतर एकेका राज्याने घटस्फोट सोपा केला. दोघांपैकी एकाने मागितला तरी तो मिळू लागला. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली कायद्याआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. बायकांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. घरातली मारहाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली होती. यातल्या अनेक बायकांनी घटस्फोट घेतलाही नसेल. पण दार उघडं आहे हे दोघांनाही माहीत असलं की घरातलं वागणं बदलतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्टिन कपोसोवा यांनी २००० साली अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं की घटस्फोटित पुरुषांमध्ये आत्महत्येचा धोका विवाहित पुरुषांच्या दुपटीहून जास्त असतो. बायकांमध्ये तसा फरक आढळला नाही. म्हणजे तलाकनंतर ‘मर्द है, सँभल जाएगा’ म्हणून ज्याला आपण एकटा सोडतो, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

मंजुश्रीची पत्रं

आता पुण्यात येऊ. फेब्रुवारी १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या तरुणीचं लग्न झालं. जूनमध्ये ती सासरी मृतावस्थेत सापडली. चार महिन्यांचा संसार. नवऱ्यावर खुनाचा खटला चालला. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. खून संशयापलीकडे सिद्ध होत नाही, तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

परिस्थितीजन्य पुरावा कसा तपासावा याची पाच तत्त्वं या निकालात आहेत, म्हणून वकिलीची मुलं आजही तो पाठ करतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या चार महिन्यांत मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. आपलं मन लागत नाही, संसारात आपण एकटे आहोत, हे त्यांत होतं. न्या. मुर्तझा फझल अली यांनी ती पत्रं ओळ न् ओळ वाचली, आणि या मुलीच्या मनात काय चाललं असेल हे समजून घेण्यासाठी मानसशास्त्राची पुस्तकं उघडली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एका विवाहित बाईच्या एकटेपणाची इतकी बारकाईने चर्चा झाली. पण ती गेल्यानंतर. जिवंत असताना ती पत्रं निरोप होती, गेल्यावर ती पुरावा झाली.

त्याच काळात, १९८३ साली, कायदा बदलला. ४९८ अ आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली आणि छळ झाल्याचं दिसलं, तर सासरच्यांनी प्रवृत्त केलं असं न्यायालयाला गृहीत धरता येऊ लागलं. अशा मृत्यूत शवविच्छेदन करणं आणि दंडाधिकाऱ्याकडून चौकशी होणंही ठरलं. हे गरजेचंच होतं. पण कायद्याला विचारायचं असतं ते एकच, गुन्हेगार कोण? मनोविकारतज्ज्ञांचा प्रश्न वेगळा आहे. हे थांबवता कधी आलं असतं?

या प्रश्नाचा शोध आपल्या शेजारच्या गोव्यात घेतला गेला. डॉ. विक्रम पटेल यांनी १९९६ साली तिथे ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. जोआना मासेल्को आणि पटेल यांनी २००८ साली गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. कोणत्या बायकांनी जीव देण्याचा प्रयत्न केला? नैराश्य-चिंतेचा आजार असलेल्यांनी, हे अपेक्षित होतं. पण आजार असो वा नसो, घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांमध्ये धोका वेगळा वाढलेला दिसला. म्हणजे फक्त गोळ्या देऊन भागत नाही आणि फक्त पोलिसांत तक्रार करूनही भागत नाही. दोन्ही लागतं.

२०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासाने सांगितलं की २०१६ मध्ये जगात आत्महत्येने गेलेल्या बायकांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या, आणि आपल्याकडे अशा बायकांत सर्वाधिक संख्या विवाहितांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. गृहिणी २५,३०९. कारणांच्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा ‘कौटुंबिक समस्या’ या दोन शब्दांपुढे असतो. पंचनाम्यात एवढंच मावतं.

आजारी नवरा, भाजीचा गाडा

मुंबई पोलीस दलात मारुती श्रीपती दुबळ नावाचे शिपाई होते. १९८१ साली रस्त्यावरच्या अपघातात त्यांच्या डोक्याला मार लागला. त्यानंतर त्यांना मानसिक आजार जडला, उपचार चालू झाले. घर चालावं म्हणून बायकोच्या नावाने भाजीविक्रीचा परवाना मिळवायची त्यांची धडपड होती. १९८५ साली ते महापालिकेच्या कार्यालयात गेले. आयुक्तांची भेट मिळाली नाही आणि त्यांनी तिथेच जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यांना अडवण्यात आलं. पुढे कलम ३०९ खाली गुन्हा दाखल झाला. त्या वेळी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता.

१९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे पाटील यांनी हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. ज्याचं मन आजारी आहे त्याला इलाज हवा, कोठडीत त्याचा आजार वाढेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग धरला. १९९६ साली ग्यान कौर खटल्यात त्याच न्यायालयाने तो बदलला आणि कलम पुन्हा जिवंत झालं. तो खटलाही एका जोडप्याचा होता. सुनेला आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल शिक्षा झालेले सासू-सासरे कोर्टात गेले होते. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायला सांगितलं आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ नाही. सरकारी अधिकाऱ्याला काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खाली अजून गुन्हा आहे.

दुबळ खटला शिकवताना घटनेचं एकविसावं कलम शिकवतात. त्या भाजीच्या गाड्याकडे फारसं कोणी पाहत नाही. नवरा आजारी, कमाई बंद, बायको घर सावरायला बघतेय. या घरात धोका फक्त नवऱ्याला होता का?

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची जन्म, लग्न, आजार, मृत्यू अशी नोंद एका क्रमांकाखाली असते. त्यामुळे नवऱ्याच्या आजाराचा बायकोवर आणि बायकोच्या आजाराचा नवऱ्यावर काय परिणाम होतो हे तिथे पाहता येतं. एस्बेन एगरबो यांनी २००५ साली पंचवीस ते साठ वयाच्या माणसांच्या नऊ हजारांवर आत्महत्या तपासल्या. जोडीदाराला मानसिक आजारासाठी इस्पितळात दाखल करावं लागलं असेल, तर दुसऱ्याचा धोकाही वाढलेला होता. जोडीदार गेला असेल तर आणखी, आणि तो आत्महत्येने गेला असेल तर कित्येक पटींनी. घरात लहान मूल असणं दोघांनाही काही प्रमाणात सावरत होतं.

या एका निष्कर्षाने ‘शादी कर दो’चा हिशेब उलटतो. आजार लपवून लग्न लावलं की एक आजारी माणूस बरा होत नाही. धोक्यात असलेली माणसं एकाची दोन होतात. आणि दुसरी व्यक्ती, बहुतेक वेळा विशीतली मुलगी, काय झालंय हे माहीत नसताना त्या घरात येते.

आपल्या भागात ‘रत्नागिरीला पाठवायला लागेल’ हे वाक्य धमकीसारखं वापरतात. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं आहे आणि कोल्हापूरचे रुग्ण तिथे जात आले आहेत. पाठवणं म्हणजे घरापासून तोडणं, हा जुना समज. पण याच देशात अमृतसरच्या इस्पितळात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात उलटा प्रयोग केला होता. रुग्णाबरोबर घरच्यांना बोलावलं, आवारात तंबू ठोकून राहायला जागा दिली, रोज त्यांच्याशी बोलले. इलाज रुग्णाचा होता, पण शिकत होतं सगळं घर. कुटुंबासह उपचार ही पद्धत भारतात अशी तंबूत वाढली.

मानसोपचार ही पाश्चात्त्यांची गोष्ट आहे, असं काही लोक मला सांगतात. अबू झैद अल-बल्खी हे इ. स. ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. उदासीचे दोन प्रकार त्यांनी सांगितले. एकाचं कारण माहीत असतं, ते घडलेल्या घटनेत असतं. दुसऱ्याचं कारण सापडत नाही, त्याचं मूळ शरीरात शोधावं लागतं. हजार वर्षांपूर्वी हे लिहिणारा आलिम आपला असेल, तर डॉक्टरकडे जायला आज शरम कसली?

मागे राहिलेला जोडीदार

२०१७ साली ॲनेट अर्लांगसेन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्याच १९८० ते २०१४ या काळातल्या नोंदी पाहिल्या. आत्महत्येने जोडीदार गमावलेले ४,८१४ पुरुष आणि १०,७९३ बायका त्यात होत्या. त्यांच्यात मनाचे आजार वाढले, झोपेचे विकार वाढले, यकृतासारखे शरीराचे आजारही वाढले. इतर कारणांनी विधवा-विधुर झालेल्यांपेक्षाही त्यांची मानसिक हालत वाईट होती. तीही अशा देशात, जिथे शेजारी येऊन ‘झगडा हुआ था क्या?’ असं सहसा विचारत नाहीत.

आमच्याकडे विचारतात. इद्दतीत बसलेल्या बाईजवळ मी बसले आहे. पुरसा द्यायला आलेल्या बायका दोन आयती ऐकतात आणि मग हळूच विचारतात, रात्री काय झालं होतं, तू कुठे होतीस, त्याने काही लिहून ठेवलं का. ती सोळा वेळा तेच सांगते. बाहेर पुरुषांत नमाज-ए-जनाजा पढायची की नाही याची कुजबुज. मग कोणीतरी सुचवतं, पाय घसरला म्हणू. घर, जमात, गल्ली सगळे मिळून एक खोटं रचतात आणि ते निभावायचं ओझं त्या बाईवर आणि तिच्या मुलांवर टाकतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ते मूल शाळेत येतं. त्याला सांगून ठेवलेलं असतं, कोणी विचारलं तर ‘अपघात’ म्हण.

आत्महत्या हराम आहे, यात शंका नाही. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसप्रमाणे अशा एका माणसाची जनाजाची नमाज रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी स्वतः पढवली नाही. पण बहुसंख्य फुकहांनी यातून लोकांनी नमाज पढूच नये असा अर्थ काढलेला नाही. हनफी मसलकातला फतवाही नमाज पढावी असाच आहे. त्याच सहीह मुस्लिममध्ये हजरत तुफैल यांच्या साथीदाराची हकीकत आहे. दुखणं असह्य होऊन त्याने स्वतःला इजा केली आणि तो गेला, तरी रसूलुल्लाहांनी त्याच्या मगफिरतीची दुआ मागितली. जे ठाऊक असलेले मौलाना आहेत त्यांनी हे मिंबरवरून सांगावं. मय्यत समोर असताना वाद घालण्यापेक्षा एखाद्या साध्या जुम्म्याला सांगितलं तर बरं.

दोघं मिळून

जोडप्याने एकत्र जीव दिला की वर्तमानपत्रात ‘प्रेमीयुगुल’ असा मथळा येतो. सिनेमानेही तेच शिकवलंय. इंग्लंड-वेल्समध्ये ब्राऊन आणि बॅराक्लो यांनी १९८८ ते १९९२ या काळातल्या अशा ६२ घटना तपासल्या. एकूण आत्महत्यांत त्या एक टक्काही नव्हत्या, आणि त्यात बहुतेक लोक तरुण प्रेमिक नव्हते, उतारवयातले नवरा-बायको होते. अशा घटनांत पुष्कळदा एकजण पुढाकार घेतो आणि दुसरा त्याच्यामागे ओढला जातो, असंही मानसोपचाराच्या लिखाणात दिसतं. म्हणून दोघांपैकी एकजण मरणाचं बोलत असेल, तर दुसऱ्यालाही वेगळं बसवून विचारावं.

मुंबईत ठाकूरद्वारला राहणारे नारायण लवाटे आणि इरावती लवाटे यांनी डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्रपतींना पत्र लिहिलं. ते एस.टी.तून निवृत्त, त्या शाळेतून निवृत्त. मूल नको हे त्यांनी ठरवलेलं होतं. मोठा आजार नव्हता. दोघांना एकत्र, डॉक्टरच्या मदतीने मरण यावं एवढीच मागणी होती, कारण एकाच्या मागे दुसऱ्याने पराधीन होऊन राहावं हे त्यांना नको होतं. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, पण तो उपचार थांबवण्यापुरता. लवाटे दांपत्याची मागणी त्यात बसत नव्हती.

टीव्हीवर तेव्हा इच्छामरणाच्या कायद्यावर खूप चर्चा झाली. त्यांची भूमिका विचारपूर्वक होती, तिचा मान राखूनच मी म्हणते, की त्या पत्रात दुसराही एक प्रश्न होता. मागे उरलेल्या म्हातारीचं किंवा म्हाताऱ्याचं कोण करणार? हा प्रश्न राष्ट्रपतींना विचारायची वेळ येते, कारण तो गल्लीत कोणाला विचारता येत नाही. मुलं आखातात किंवा पुण्यात, आणि घरात फक्त दोघं, अशी घरं आता आमच्याही मोहल्ल्यात वाढली आहेत.

मग करायचं काय

या सगळ्या शोधाचं सार मला असं दिसतं. आत्महत्येचा धोका एका डोक्यात बंद नसतो. तो दोन माणसांच्या मधल्या जागेत असतो. दारू, मारहाण, लपवलेला आजार, टोमणे, न बोललेलं दुःख, सगळं तिथे साठतं. लग्न त्या जागेला आधारही देऊ शकतं आणि कुलूपही लावू शकतं. आपण मात्र प्रत्येक वेळी एकाकडेच बघतो. कायदा गुन्हेगाराकडे बघतो, इस्पितळ रुग्णाकडे बघतं, समाज मेलेल्याकडे बघतो.

म्हणून काही साध्या गोष्टी. मुला-मुलीला मानसिक आजार असेल तर आधी इलाज, आणि निकाहाची बोलणी करताना समोरच्यांना खरं सांगणं. आजार असलेल्यांनी लग्न करू नये असं नाही. माहिती असलेला जोडीदार आधार होतो, फसवलेला जोडीदार दुसरा रुग्ण होतो. माहेरी आलेल्या मुलीला ‘जा, नांदायचं असतं’ म्हणून लगेच परत पाठवायचं नाही, आधी ऐकायचं. खुला मागणाऱ्या बाईला घर फोडणारी म्हणायचं नाही. नवरा किंवा बायको इलाज घेत असेल, तर दुसऱ्याला विचारायचं, तू जेवलीस का, तू झोपतोस का. ज्याचा जोडीदार असा गेला आहे, त्याच्या घरी चाळिसाव्यानंतरही जायचं.

मरणाचं बोलणाऱ्याला सरळ विचारायला घाबरू नये. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. कोल्हापुरात सीपीआरला मनोविकार विभाग आहे, सरकारी दवाखान्याच्या खर्चात. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आजारी माणसासाठी फोन करता येतो, आणि त्याच्याबरोबर राहून थकलेल्या माणसालाही स्वतःसाठी करता येतो.

हा क्रमांक मी आमच्या वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. पुसला गेला की मुलंच पुन्हा लिहितात.